पेढीची वही आणि चार खणांची पेटी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर आजही लाल कापडी बांधणीची वही पाटावर ठेवली जाते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, दोन बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’, आणि त्याखाली नव्या वर्षाची पहिली नोंद. मात्र अनेक पेढ्यांवर त्या वहीचे दुसरे पान आता कोरेच राहते. पूजेच्या वेळी शेजारच्या संगणकालाही कुंकवाचे बोट लावले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून रोजमेळ, खतावणी, येणे-देणे असे सारे त्यातच उतरते.

जुन्या वहीचे जीर्ण होणे डोळ्यांना दिसत असे. कडा झिजत, दोरा सुटे, वाळवीची माती दिसे आणि वडीलधारी माणसे वेळीच नवी प्रत उतरवून घेत. संगणकातील हार्ड डिस्क अशी सूचना देईलच असे नाही. रात्री दुकान बंद करताना सुरू असलेली डिस्क सकाळी ओळखही देत नाही, आणि त्या एका डबीबरोबर वर्षानुवर्षांची उधारी, ग्राहकांचे पत्ते, बिलांच्या प्रती आणि घरातील लग्नांची छायाचित्रे एकाच वेळी नाहीशी होतात. म्हणून आता अनेक पेढ्यांवर संगणकाला बाहेरून जोडायची, एकापेक्षा अधिक डिस्क सामावणारी पेटी घेण्याचा विचार होतो. विक्रेते तिला ‘मल्टी-बे एन्क्लोजर’ म्हणतात. ‘बे’ म्हणजे खण. दोन, चार, पाच किंवा आठ खणांच्या या पेट्या घेणे सोपे आहे. त्यांच्याकडून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून त्या मांडणे थोडे अवघड आहे.

वही हरवली तर काय हरवते

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते. उधारीच्या वसुलीचा वाद न्यायालयात गेला तर नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्याच्या कामी येतात. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर देणे शाबीत होत नाही, हे खरे. पण वहीच नसेल तर बोलणे सुरू कोठून करायचे?

कायद्याने वह्या जपण्याची मुदतही ठरवून दिली आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाची वही ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवी. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ही मुदत आणखी लांबू शकते. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर कंपनी कायदा मागील आठ आर्थिक वर्षांच्या वह्या मागतो, आणि २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संगणकावरील वह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घ्यावी लागते.

निसर्गाचा हिशेब वेगळाच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि बाजारपेठेतील दुकानांत शिरले. त्याआधी २००५ मध्ये पूर आला होता, नंतर २०२१ मध्ये पुन्हा आला. त्याच जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पोती वर उचलायला माणसे धावतात. टेबलाखालचा संगणक अशा वेळी आठवतोच असे नाही. ओला झालेला माल विम्यातून काही अंशी भरून येतो. पुसली गेलेली वही कोणताही विमा लिहून देत नाही.

पेटी म्हणजे नेमके काय

ही पेटी म्हणजे हार्ड डिस्कसाठी बनवलेले, खणांचे छोटे कपाट होय. प्रत्येक खणात साडेतीन इंची डिस्क सरकवली की मागील पट्टीवरील जोडणीत ती बसते. पेटीला स्वतःचा विजेचा अडॅप्टर असतो, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो संगणकाच्या साध्या यूएसबी वायरमधून मिळत नाही. मागे पंखा असतो. एका वायरने ती संगणकाला जोडली की आतील साऱ्या डिस्क त्या संगणकाच्या होतात.

तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक वस्तू बाजारात मिळते, तिला ‘नॅस’ म्हणतात. नॅस हा स्वतःच एक लहानसा संगणक असतो. तो राउटरला जोडला जातो आणि दुकानातील सर्व संगणकांना व मोबाइलना एकाच वेळी सेवा देतो. पाच-सहा संगणकांवर काम चालणाऱ्या पेढीला तो सोयीचा. पण त्याची मांडणी, पासवर्ड आणि वेळोवेळी करावयाची अद्ययावतता यांकडे लक्ष देणारा माणूस हवा. एक-दोन संगणकांच्या पेढीला थेट जोडायची साधी पेटी पुरेशी होते.

आता गरज किती, हे आधी मोजावे. हळदीचा व्यापार करणारी एक मध्यम पेढी उदाहरणादाखल घ्यावी. तिच्या टॅलीतील दहा वर्षांच्या नोंदी समजा ३ जीबी भरतात. बिले, वजनपावत्या आणि करारपत्रे स्कॅन करून ठेवली, ती २०० जीबी. कुटुंबाची छायाचित्रे आणि लग्नांच्या चित्रफिती मिळून २ टीबी. यावरून एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की जिच्यावर पेढी उभी आहे ती वही आकाराने सर्वांत लहान आहे. जागा खातात ती छायाचित्रे आणि चित्रफिती. दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण तर आठवड्यागणिक वाढत जाते आणि त्याचे मोल काही दिवसांनी संपते. त्याला या पेटीत स्थान देऊ नये. असा हिशेब केला तर या पेढीला चार टीबीच्या दोन डिस्क आणि दोन खण पुरतात. चार खणांची पेटी घेऊन दोन खण पुढील वर्षांसाठी रिकामे ठेवणे हाही शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

बेरजेची किमया

अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांना एकमेकींची राखण करायला लावण्याच्या पद्धतीला ‘रेड’ असे नाव आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे हे नाव रूढ झाले. एका महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्कचा समूह करावा, आणि त्यातील एखादी बंद पडणार हे गृहीत धरूनच त्याची रचना करावी, असा त्या मांडणीचा गाभा होता. पेटी विकत घेताना या पद्धतीचे काही प्रकार आकड्यांनी ओळखावे लागतात.

‘रेड शून्य’ या प्रकारात माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर वाटले जातात. वेग वाढतो, जागाही पूर्ण मिळते. पण एक डिस्क गेली की सर्वच माहिती जाते. चार डिस्क असतील तर धोकाही जवळपास चौपट. पेढीच्या वहीसाठी हा प्रकार वर्ज्य समजावा.

‘रेड एक’ म्हणजे आरसा. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर उमटते. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा चार टीबीचीच मिळते. पण एक बंद पडली तरी काम थांबत नाही. समजायला आणि सांभाळायला हा सर्वांत सोपा प्रकार आहे.

‘रेड पाच’साठी किमान तीन डिस्क लागतात, आणि त्यामागील युक्ती व्यापाऱ्याला चटकन उमगेल अशी आहे. तीन खात्यांत ४०, २५ आणि ३५ अशा रकमा आहेत आणि चौथ्या कागदावर त्यांची बेरीज १०० लिहिली आहे. मधला कागद वाऱ्याने उडाला. बेरजेतून उरलेल्या दोन रकमा वजा केल्या की हरवलेले २५ पुन्हा हाती येतात. संगणक साध्या बेरजेऐवजी द्विमान अंकांची एक क्रिया वापरतो, परंतु तत्त्व हेच. ही ताळ्याची नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर आळीपाळीने वाटली जाते. त्यामुळे चार टीबीच्या चार डिस्कमधून १२ टीबी जागा वापरायला मिळते आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती वाचते. मात्र दोन कागद एकदम उडाले, तर बेरीज हाती असूनही उरलेली रक्कम दोघांत कशी वाटायची हे सांगता येत नाही. दोन डिस्क गेल्या की ‘रेड पाच’ संपते. ‘रेड सहा’ दोन डिस्क जाण्याचा धक्का सोसते. चार डिस्कमधून ८ टीबी जागा उरते. ‘रेड दहा’ म्हणजे आरशांच्या जोड्या. तीतही चार डिस्कमधून ८ टीबी मिळतात.

येथे एक शंका हमखास येते. चार टीबीची डिस्क जोडली की विंडोज तिची जागा ३.६३ टीबी दाखवते. विक्रेत्याने मापात खोट केलेली नसते. कारखाना हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक.

खरेदी करताना

पेटी आणि डिस्क अनेकदा वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. डिस्क घेताना ती दिवसरात्र चालण्यासाठी आणि समूहात वापरण्यासाठी बनवलेली आहे का, हे पाहावे. वेस्टर्न डिजिटलची ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ ही मालिका या कामासाठी असते. ‘एसएमआर’ पद्धतीच्या डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. पुन्हा लिहिताना त्या मंदावतात, म्हणून समूहासाठी ‘सीएमआर’ पद्धतीच्या डिस्क मागून घ्याव्यात. सर्व डिस्क सारख्या क्षमतेच्या असाव्यात, कारण समूहात सर्वांत लहान डिस्कचेच माप सर्वांना लागू होते. शक्य असल्यास त्या दोन वेगळ्या दुकानांतून घ्याव्यात. एकाच खोक्यातून निघालेल्या डिस्कमध्ये एखादा समान दोष असू शकतो. बिल आणि वॉरंटीचे कागद अर्थातच जपावेत.

पेटीच्या वेगाच्या जाहिरातींनी भारावून जाण्याचे कारण नाही. एक हार्ड डिस्क साधारणपणे सेकंदाला १५० ते २५० एमबी एवढीच माहिती देते-घेते. पाच किंवा दहा गिगाबिटची यूएसबी जोडणी पेढीच्या कामाला पुरते. मात्र वायर संगणकाच्या जुन्या यूएसबी २ च्या तोंडात लावली, तर हा वेग ४० एमबीच्या आसपास अडकतो. १ टीबीची नक्कल दोन तासांच्या आत व्हायची, तिला सात तास लागतात. निळ्या रंगाचे किंवा टाइप-सी तोंड निवडावे आणि पेटीसोबत आलेलीच वायर वापरावी.

तिसरी खरेदी यूपीएसची. दुकानाचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर थांबून सुरू होतो; तो क्षणही लिहिण्याच्या मध्येच असलेल्या डिस्कला घातक ठरू शकतो. संगणक आणि पेटी या दोघांचेही प्लग यूपीएसवरच हवेत. संगणक चालू आणि पेटी बंद, ही अवस्था दोन्ही बंद होण्यापेक्षा वाईट.

मांडणी: घाई न करता

पेटी बंद असतानाच डिस्क खणांत बसवाव्यात. त्याआधी प्रत्येक डिस्कच्या कडेवर छोटी चिठ्ठी लावून खणाचा क्रमांक, डिस्कचा अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहावी. हे पाच मिनिटांचे काम पुढे मोठा अनर्थ टाळते. एखाद्या दिवशी तिसऱ्या खणाचा दिवा लाल होतो, गडबडीत कोणीतरी दुसऱ्या खणातील चांगली डिस्क ओढून काढतो, आणि एका डिस्कचे नुकसान सबंध समूहाचे होऊन बसते.

काही पेट्यांच्या मागे रेडचा प्रकार निवडण्यासाठी छोटे खटके किंवा फिरवायची कळ असते. प्रकार निवडून ‘सेट’चे बटण दाबले की नवा समूह तयार होतो आणि डिस्कवरील जुने सारे पुसले जाते. म्हणून जुन्या माहितीची डिस्क कधीही थेट या पेटीत घालून बटण दाबू नये. काही पेट्यांत असा खटका नसतो. तेथे विंडोजमधील ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय वापरून दोन डिस्कचा आरसा करता येतो. त्याचा एक लाभ असा की पेटी बिघडली तरी डिस्क दुसऱ्या साध्या पेटीतून विंडोजच्या संगणकाला जोडून वाचता येण्याची शक्यता राहते. पेटीच्या स्वतःच्या खटक्याने बांधलेला समूह वाचण्यासाठी अनेकदा त्याच बनावटीची दुसरी पेटी शोधावी लागते.

खटक्याने समूह बांधला असेल तर पेटी चालू करून स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करावे आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. नवी डिस्क आढळल्याची सूचना आली की ‘जीपीटी’ हा पर्याय निवडावा, कारण जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत सामान्यतः २ टीबीच्या पुढील जागा वापरता येत नाही. नंतर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घेऊन ‘एनटीएफएस’ पद्धतीने फॉरमॅट करावे आणि ‘पेढी-प्रत’ असे ओळखू येणारे नाव द्यावे. पहिल्यांदा ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाकलेली बरी. संपूर्ण फॉरमॅटला रात्रभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. पण तेवढ्यात नव्या डिस्कचा कोपरा न कोपरा तपासला जातो, आणि सदोष डिस्क वही सोपवण्यापूर्वीच उघडी पडते. ‘स्टोरेज स्पेसेस’ वापरल्यास हे फॉरमॅट त्याच सोयीतून होते.

एक सावधगिरी कायमची. पुढे केव्हाही पेटी जोडल्यावर संगणकाने ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशिअलाइज करा’ असे विचारले, तर होकार देऊ नये. ती सूचना वायर सैल असल्याची किंवा समूह ओळखला न गेल्याची असू शकते. पेटी बंद करून वायर तपासावी आणि जाणकाराला विचारावे. घाईतील एक होकार वाचलेली माहितीही पुसू शकतो.

पेटीची जागा हवेशीर, जमिनीपासून उंच आणि धुळीपासून दूर असावी. चालू पेटी लोखंडी तिजोरीत किंवा बंद कपाटात ठेवण्याचा मोह होतो. तेथे पंख्याला हवा मिळत नाही आणि उष्णतेने डिस्कचे आयुष्य घटते. हळद, मिरची किंवा धान्याच्या दुकानात भुकटी हवेत असतेच. महिन्यातून एकदा पेटी बंद करून पंख्याची जाळी कोरड्या ब्रशने साफ करावी.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

इथवर येऊन अनेकांना वाटते, की आता वही सुरक्षित झाली. सर्वांत मोठी चूक येथेच होते. रेड एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, त्यापलीकडे तिची हमी नाही. नव्या मुनिमाने चुकून गेल्या वर्षाचे फोल्डर पुसले, तर आरशातूनही ते त्याच क्षणी पुसले जाते. ईमेलमधून आलेल्या बनावट बिलावर क्लिक झाले आणि खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर संगणकाला जोडलेल्या पेटीतील फायलीही कुलूपबंद होतात. चोर पेटी उचलून नेतो तेव्हा सर्व डिस्क एकत्रच जातात. पुराचे पाणी पहिली आणि चौथी डिस्क असा भेद करत नाही.

यासाठी जगभर एक सोपा नियम वापरला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. उदाहरणातील पेढीसाठी हा नियम असा उतरतो. चालू वही संगणकाच्या आतील एसएसडीवर. तिची रोजची प्रत आरशाच्या पेटीत. आठवड्याची प्रत एका वेगळ्या पोर्टेबल डिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात न राहता घरी किंवा दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे. अशा दोन डिस्क ठेवून त्या आलटून पालटून वापरल्या, तर एक नेहमी बाहेरच असते. इंटरनेटवरील जागा विकत घेऊन टॅलीची छोटी प्रत तेथे ठेवणे हाही चांगला पर्याय. तीन जीबीला फार जागा लागत नाही.

चालू टॅली थेट पेटीतून चालवू नये. नोंद लिहिताना वायर हलली तर फाइल बिघडण्याची भीती असते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय या कळा एकत्र दाबल्या की ‘डेटा’चा मेनू उघडतो, त्यातील ‘बॅकअप’ने रोज संध्याकाळी प्रत घ्यावी आणि प्रत्येक दिवसाची प्रत त्या तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. कालच्या प्रतीवर आजची प्रत चढवत गेले तर चूकही रोज नव्याने जपली जाते. निदान तीस दिवसांच्या प्रती आणि प्रत्येक महिनाअखेरची एक प्रत वेगळी राखावी. प्रत घेऊन झाली की ‘सेफली रिमूव्ह’ करून मगच पेटीची वायर काढावी किंवा ती बंद करावी. रात्री बंद असलेल्या पेटीपर्यंत व्हायरसही पोहोचत नाही.

घरी नेली जाणारी डिस्क वाटेत हरवू शकते. तिच्यावर पेढीचे सर्व व्यवहार असतात, म्हणून तिला कुलूप हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ ही सोय असते. ती सुरू करताना ४८ अंकांची एक तारण-किल्ली मिळते. ती छापून एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि दुसरी कुटुंबातील ज्येष्ठांकडे ठेवावी. अनेक घरांत संगणकाचे सारे ज्ञान एका पुतण्याकडे किंवा सुनेकडे असते आणि ती व्यक्ती परगावी असताना नेमकी अडचण येते. तिजोरीच्या किल्ल्या जशा दोघांकडे असतात, तशीच ही किल्ली आणि पेटीच्या मांडणीचे एक पानी टिपण दोघांकडे असावे.

तपासलेली प्रत तीच प्रत

डिस्क हे झिजणारे यंत्र आहे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या विनामूल्य प्रोग्रामने तिची प्रकृती पाहता येते. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ यांचे आकडे शून्यावरून वाढू लागले, की नवी डिस्क मागवावी. काही पेट्या हे आकडे संगणकाला दाखवत नाहीत. तेथे पेटीच्या दिव्यांवर आणि डिस्कच्या आवाजावर लक्ष ठेवावे. एक डिस्क बदलल्यावर समूह पुन्हा भरून निघायला वेळ लागतो. सेकंदाला १५० एमबी या वेगानेही ४ टीबी लिहायला सात तासांहून अधिक लागतात आणि काम चालू असेल तर आणखी. या काळात उरलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो, म्हणून डिस्क बदलण्याआधी बाहेरची प्रत ताजी आहे ना, हे पाहावे.

आणि प्रत परत उघडते का, हे पाहिल्याखेरीज ती प्रत मानू नये. टॅलीच्या ‘रिस्टोअर’ने जुनी प्रत एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावी, चालू वहीच्या फोल्डरमध्ये कदापि नव्हे. मग त्यातील एखाद्या जुन्या ग्राहकाची बाकी चालू वहीशी ताडून पाहावी. ताळा जमला की काम झाले.

ही तपासणी केव्हा करायची, याचे उत्तर घरच्या पंचांगातच आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, शास्त्रग्रंथ बाहेर काढून झाडण्याची, नव्या वेष्टनात बांधण्याची प्रथा आहे. कार्तिक शुद्ध पंचमीच्या ज्ञानपंचमीलाही ज्ञानभांडारांतील पोथ्यांची अशीच देखभाल होते. ग्रंथ किती नाजूक असतो, याची जाण त्या प्रथांमागे आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रांवरील प्राचीन प्रती कर्नाटकातील मूडबिद्री या एकाच गावी शतकानुशतके राहिल्या. तेथे एखादी आग लागली असती, तर तो ग्रंथ जगातून गेला असता. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याच्या नकला उतरवण्याचे काम झाले, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. १९५८ पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. आज तो ग्रंथ कोणत्याही एका कपाटावर अवलंबून नाही.

पेढीची वही शास्त्र नव्हे. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली जाते ती माणसे घरचीच असतात. वर्षातून दोन दिवस, त्या दोन पंचमींना, पेटी उघडावी, डिस्कवरची धूळ झाडावी, घरची प्रत दुकानात आणून एकदा उघडून पाहावी आणि पुन्हा जागच्या जागी पाठवावी. या कामाला घरातील पुढच्या पिढीतील एकाला शेजारी बसवावे. येत्या दिवाळीला लाल वहीच्या पहिल्या पानावर नेहमीच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिता येईल: तिसरी प्रत कोठे आहे आणि किल्ली कोणाकडे. मग त्या वहीचे पहिले पान निव्वळ पूजेचे राहणार नाही.